‘शांतता राखा’ म्हणजे नेमकी किती शांतता? – दवाखाना, आवाज आणि डेसिबल



नववीच्या विज्ञानात ‘ध्वनीचा अभ्यास’ हा पाठ आहे. वारंवारता, प्रतिध्वनी, ऐकण्याची मर्यादा हे सगळं आपण शिकवतो. ध्वनिप्रदूषणावर निबंधही लिहून घेतो. पण एखाद्या मुलाने विचारलं, “सर, दवाखान्याबाहेर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, तर शांतता म्हणजे किती?” तर आपण काय उत्तर देतो? बहुतेक वेळा, “हळू बोलायचं, हॉर्न वाजवायचा नाही,” एवढंच. खरं तर या पाटीमागे ठरलेले आकडे आहेत. ते मुलांना आणि पालकांना माहीत असले तर पाटीला अर्थ येतो. म्हणून आजचा लेख दवाखान्यातल्या आवाजावर.

आपली देवळी वर्धा–यवतमाळ रस्त्यावर. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. आजार मोठा असला तर आपण सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात जातो, नाहीतर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कधीतरी वॉर्डात राहिलेलं असतं. तेव्हा हा विषय पुस्तकातला नाही, आपल्या घरातला आहे.

आधी डेसिबल समजून घेऊ

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. पण डेसिबल हे किलो किंवा मीटरसारखं साधं माप नाही. ६० किलो आणि ६० किलो मिळून १२० किलो होतात. ६० डेसिबलचा एक कूलर आणि शेजारी तसाच दुसरा कूलर लावला तर १२० डेसिबल होत नाहीत, ६३ होतात. कारण हे माप पटींचं आहे. तीन गोष्टी फळ्यावर लिहून द्या:

- ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली.
- १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा १० पट झाली. आपल्या कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.
- २० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा १०० पट झाली.

अंदाजासाठी काही ओळखीचे आवाज: कानात कुजबुजणं साधारण ३० डेसिबल, समोरासमोर बसून नेहमीचं बोलणं साधारण ६०, वाहता रस्ता ७० ते ८०, आणि वरातीतल्या डीजेजवळ १०० च्या पुढे. ‘५० चे ५५ झाले, त्यात काय एवढं?’ असं कुणी म्हणालं तर सांगा, ऊर्जा तिपटीहून जास्त झाली.

मर्यादा दोन आहेत: बाहेरची आणि आतली

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

बाहेरची मर्यादा आपल्या कायद्याने ठरवली आहे. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. त्यात परिसराचे चार प्रकार आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.

- औद्योगिक क्षेत्र: दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
- व्यापारी क्षेत्र: दिवसा ६५, रात्री ५५
- निवासी क्षेत्र: दिवसा ५५, रात्री ४५
- शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर हा शांतता क्षेत्राचा विषय. आपली शाळासुद्धा दवाखान्याच्याच रांगेत बसते, हे लक्षात ठेवा.

आतली मर्यादा, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ किती आवाज असावा, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली मार्गदर्शक आकडे दिले. वॉर्डात सरासरी ३० डेसिबल, आणि रात्री अचानक होणारा सर्वांत मोठा आवाजही ४० च्या वर जाऊ नये. वर्गासाठी त्याच संघटनेचा आकडा आहे ३५.

आता बाहेर रात्री ४० आणि आत ३०, हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात आहेत का? नाही. खिडकी थोडी उघडी असली तरी भिंत आणि खिडकी मिळून बाहेरचा आवाज १० ते १५ डेसिबलने कमी करतात. बाहेर ४० राखले तर आत ३० च्या आसपास राहतील, असा हिशेब जुळतो. म्हणजे बाहेरचा आकडा पाळला तरच आतला पाळता येतो. बाहेर ७० असतील तर आतल्या सिस्टरने कितीही बजावलं तरी खाटेजवळ ३० येणार नाहीत.

आणखी एक आकडा लोक इथे चुकीच्या जागी वापरतात. “८५ डेसिबलपर्यंत काही होत नाही” असं म्हणतात. तो आकडा कामगारांच्या कानांसाठी आहे. रोज ८ तास ८५ च्या आवाजात काम केलं तर पुढे बहिरेपणाचा धोका वाढतो, म्हणून ती मर्यादा घातली. दवाखान्यातला प्रश्न कान फुटण्याचा नाही. तिथला प्रश्न झोपेचा आहे, आणि झोप तर ४०-४५ डेसिबललाही मोडते.

रुग्णाला आवाजाने नेमकं काय होतं?

आपण झोपलो तरी कान झोपत नाहीत. अचानक आवाज आला की मेंदू त्याला धोका समजतो. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब थोडा चढतो, ताणाची संप्रेरकं रक्तात येतात. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी गाढ झोपेतून वरच्या झोपेत येतो. निरोगी माणसाला एका रात्रीचं हे सहन होतं. पण ऑपरेशन झालेला, हृदयविकाराचा किंवा तापाने खंगलेला रुग्ण रोज रात्री असाच पाच-दहा वेळा उठत असेल तर त्याला विश्रांती मिळते कुठे? दुखणं जास्त जाणवतं, चिडचिड होते. वयस्कर रुग्णांना तर झोपमोडीने भ्रम होऊ शकतो. ते बडबडतात, सलाईन काढून टाकतात. घरच्यांना वाटतं म्हाताऱ्याला वेड लागलं. पुष्कळदा त्यामागे आजार, औषधं आणि न झालेली झोप या सगळ्यांचा हात असतो.

नवजात बाळांचं तर आणखी नाजूक. पोटातलं बाळ सातव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू लागतं. वेळेआधी जन्मलेलं बाळ आईच्या पोटातल्या मऊ आवाजाऐवजी एकदम मॉनिटर आणि अलार्मच्या जगात येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये सांगितलं की नवजात अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा. काचेच्या पेटीवर बोटांनी टकटक करणं, पेटीवर बाटली ठेवणं, तिचं झाकण आपटणं, यांचा आवाज पेटीच्या आत बाहेरच्यापेक्षा मोठा होतो. बाळ बघायला गेलेल्या मावश्या-आत्यांना हे सांगायला हवं.

तिसरा परिणाम डॉक्टर आणि सिस्टर यांच्यावर. बोलणं नीट समजायचं तर ते भोवतालच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावं लागतं. नेहमीचं बोलणं ६० चं धरलं, तर भोवताली ४५ पेक्षा जास्त आवाज नको. गोंगाटात ‘पंचवीस’चं ‘पस्तीस’ आणि ‘आठ’चं ‘साठ’ ऐकू येऊ शकतं. औषधाच्या मात्रेत असं ऐकू आलं तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय दिवसभर अलार्म वाजत राहिले की कान त्याला सरावतात, आणि खरा अलार्म दुर्लक्षित राहण्याचा धोका वाढतो.

हे नव्याने कळलेलं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेच्या पुस्तकात आवाजावर वेगळं प्रकरण आहे. मोठ्या आवाजापेक्षा अचानक दचकवणारा आणि रुग्णाला अर्धवट ऐकू येणारा आवाज अधिक त्रास देतो, हे तिने तेव्हाच ओळखलं होतं. रुग्णाच्या दाराबाहेर उभं राहून त्याच्याच आजाराविषयी कुजबुजणं तिला अजिबात मान्य नव्हतं.

तरीही जगभर दवाखाने गोंगाटाचेच होत गेले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये जुनी-नवी मोजमापं एकत्र करून दाखवलं की १९६० मध्ये दवाखान्यात दिवसा सरासरी ५७ डेसिबल होते, ते २००५ पर्यंत ७२ झाले. रात्रीचे ४२ होते, ते ६० झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यात एकही रुग्णालय बसलं नाही. मोठमोठ्या, पैसेवाल्या रुग्णालयांचीही हीच गत आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त आपल्या सरकारी दवाखान्यांचा नाही.

१०० मीटर आणि कायदा

आता कायद्याकडे येऊ. इथे महाराष्ट्रातलं एक महत्त्वाचं प्रकरण आहे. ठाण्याचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवातल्या गोंगाटाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिवर्धक वापरणं हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, आणि शांतता क्षेत्रात नियम कडकपणे पाळले गेले पाहिजेत, असं त्यात सांगितलं. राज्यातल्या शहरांचे ध्वनिनकाशे तयार करण्याची गोष्टही या प्रकरणातून पुढे आली. ते काम आपल्या शेजारच्या नागपूरच्या नीरी या संस्थेने केलं.

पण ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने नियमात बदल केला. राज्य सरकारने अधिसूचना काढून जाहीर केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र मानला जाणार नाही, असा तो बदल. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण सप्टेंबर २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती रोखली.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? ‘दवाखाना आहे म्हणजे भोवतालचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र’ असं आपण गृहीत धरतो. ते गृहीत धरून चालत नाही. आपल्या गावातला दवाखाना आणि आपली शाळा यांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे का, हे विचारायला हवं. मोठ्या शहरांत विचारणारे पुष्कळ असतात. तालुक्याच्या गावात कुणी विचारतच नाही. नगर परिषदेला साधं पत्र द्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घेतला तर आणखी चांगलं.

जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात काय चालत नाही? ध्वनिवर्धक, ढोल-ताशे, वाजंत्री, आवाजाचे फटाके, हॉर्न, गर्दी जमवणारे कार्यक्रम. क्षेत्र जाहीर नसलं तरी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहेच. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले जात असतील, तर कुणीही तक्रार करू शकतो. त्यासाठी पोलीस ठाणं किंवा ११२ क्रमांक.

१०० मीटर हे अंतर मोठं वाटतं, पण ते पुरतं का? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, अंतर १० पट झालं की २० डेसिबलने. समजा डीजेपासून १ मीटरवर ११० डेसिबल आहेत. १० मीटरवर ९०, आणि १०० मीटरवर ७०. शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५०. म्हणजे १०० मीटर दूर उभा असलेला डीजेसुद्धा मर्यादेच्या १०० पट ऊर्जा दवाखान्याच्या भिंतीवर टाकतो. गल्लीत दोन्ही बाजूंना घरं असली तर आवाज एवढाही उतरत नाही. त्यामुळे गणपती, दुर्गादेवी किंवा वरात दवाखान्यापाशी आली की ‘जरा कमी करा’ म्हणून भागत नाही. बंदच करावं लागतं, आणि तेही बरंच आधीपासून.

आतला आवाज कोण करतं?

दोष फक्त डीजेवाल्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही. वॉर्डातला पुष्कळ आवाज आतलाच असतो, आणि त्यात आपला, म्हणजे नातेवाईकांचा वाटा मोठा.

आपल्याकडे वॉर्ड म्हणजे गुळगुळीत फरशी, ऑइल पेंटच्या भिंती, वर स्लॅब. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. एक स्टीलचा डबा पडला की त्याचा घुमारा अख्ख्या वॉर्डात फिरतो. त्यात वर्ध्याचा उन्हाळा. ४५ अंशांत कूलर बंद ठेवा असं कुणीच म्हणणार नाही. पण कूलरच्या पंख्याचं पातं खडखडत असेल, पत्रा सैल असेल, तर ते दुरुस्त करता येतं. पायांखाली रबराचे तुकडे ठेवता येतात. मग राहतात स्ट्रेचरची करकरणारी चाकं, ओढले जाणारे लोखंडी स्टूल, आपटणारी दारं, मोठ्याने चाललेलं फोनवरचं बोलणं आणि मोबाइलवरचे रील्स. एका रुग्णासोबत पाच जण, आणि पाचही जणांना फोन.

अशा छोट्या आवाजांनी काय होतं, असं वाटेल. एक हिशेब करू. रात्री वॉर्डात तासभर ३५ डेसिबल आहेत. मध्येच कुणी स्टूल ओढलं, २ सेकंद ६५ डेसिबल. त्या तासाची सरासरी काढली तर ती ३७ च्याही आत राहते. कागदावर फारसं काही बिघडलं नाही. पण झोपलेला रुग्ण मात्र दचकून उठला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने सरासरीसोबत रात्रीच्या मोठ्यात मोठ्या आवाजाचाही वेगळा आकडा दिला. शांतता मोजायची ती रुग्णाच्या उशापाशी, सरासरीच्या कागदावर नाही.

आपल्याला काय करता येईल?

पालकांसाठी आणि भेटीला जाणाऱ्यांसाठी:

- एका वेळी एक-दोघांनीच भेटायला जावं, आणि भेटीची वेळ पाळावी.
- फोन सायलेंटवर. बोलायचं असेल तर वॉर्डाबाहेर, पण दाराशी नाही.
- रील्स, व्हिडिओ इयरफोनशिवाय लावू नयेत. लहान मुलाला गप्प बसवायलासुद्धा नाही.
- स्टूल उचलून ठेवावं, ओढू नये.
- रुग्णाच्या आजाराची चर्चा त्याला अर्धवट ऐकू येईल अशा अंतरावर करू नये.

रुग्ण कल्याण समितीत किंवा नगर परिषदेत तुमची ओळख असेल तर:

- स्ट्रेचर आणि ट्रॉलीच्या चाकांना तेल व रबर, दारांना रबरी पट्टी. खर्च थोडा, फरक मोठा.
- जनरेटर वॉर्डाच्या खिडकीसमोर नको.
- रात्री ठरावीक वेळेनंतर दिवे मंद आणि बोलणं हळू, असा नियम.
- रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दवाखान्याच्या १०० मीटर आधी, दिसेल अशी पाटी.

वर्गात घेण्यासारखे उपक्रम

१. मोबाइलवर आवाज मोजण्याचं मोफत अ‍ॅप घ्या. ते प्रयोगशाळेतल्या यंत्राइतकं अचूक नसतं, पण तुलना करायला पुरतं. एकाच फोनने रिकामा वर्ग, भरलेला वर्ग, मधली सुट्टी आणि शाळेसमोरचा रस्ता मोजा. वर्गाच्या ३५ या आकड्याशी ताडून पाहा. दवाखान्याच्या आत मुलांना मोजायला नेऊ नका, तिथे गर्दी करणं हाच आवाज होईल. बाहेरच्या रस्त्यावर मोजायला हरकत नाही.

२. गणित: एका खाटेजवळ एका कूलरचा आवाज ५५ डेसिबल आहे. तसाच दुसरा लावला तर किती? (५८) दवाखान्यांतला दिवसाचा आवाज ५७ वरून ७२ वर गेला, ऊर्जा किती पट झाली? (साधारण ३२ पट)

३. नकाशा: दवाखाना आणि शाळा मध्यभागी घेऊन १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यात कोणती दुकानं, मंगल कार्यालयं, मंदिरं-मशिदी, बसथांबे येतात ते मुलांनी भरावं. मग चर्चा करा: कोणता आवाज टाळता येतो, कोणता नाही?

४. पत्रलेखन: ‘आमच्या शाळेचा व रुग्णालयाचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे का?’ असं विचारणारं औपचारिक पत्र मुख्याधिकाऱ्यांना लिहा. चांगलं पत्र खरंच पाठवा. उत्तर आलं की ते वर्गात वाचून दाखवा.

हा शेवटचा उपक्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निबंधात ‘ध्वनिप्रदूषण थांबवले पाहिजे’ असं मुलं दरवर्षी लिहितात, आणि दहापैकी आठ गुण घेतात. ५० आणि ४० हे आकडे माहीत असलेलं मूल मात्र वरातीत काकांना म्हणू शकतं, “काका, पुढे दवाखाना आहे, आता बंद करा.” काका ऐकतील की नाही, सांगता येत नाही. पण घरचंच लेकरू सांगतंय म्हटल्यावर ऐकण्याची शक्यता पोलिसांपेक्षा जास्त असते.

तुमच्या शाळेत यातला एखादा उपक्रम घेतलात, तर मुलांनी काय मोजलं आणि त्यांना काय सापडलं ते नक्की कळवा.